हाकेला ओ

दिवाळीच्या पहाटे अंगणात फटाके वाजू लागले की मला हटकून एका निराळ्याच फटाक्याची आठवण होते. हा फटाका बाजारात मिळत नाही, त्याला वात नसते, आणि तो कधी वाजू नये अशीच तो बाळगणाऱ्याची इच्छा असते. आगगाडीच्या गार्डाजवळ जी पेटी असते, तिच्यात निशाणे आणि बत्ती यांच्या सोबतीला हे चपट्या डबीसारखे फटाके ठेवलेले असतात. वाटेत डबे रुळांवरून घसरले आणि शेजारचा मार्ग अडला, तर गार्डाने लाल निशाण घेऊन समोरून येणाऱ्या गाडीच्या दिशेने धावत सुटायचे. सहाशे मीटरांवर एक फटाका रुळावर बसवायचा, आणि तसेच पुढे धावून बाराशे मीटरांवर दहा-दहा मीटरांच्या अंतराने तीन बसवायचे. इंजिनाचे चाक त्यावरून गेले की आवाज होतो, आणि धुक्यातून वा मुसळधार पावसातून येणाऱ्या ड्रायव्हरला जे समजायचे ते समजते. २०२२ पासून रेल्वेने गार्डाला 'ट्रेन मॅनेजर' असे भारदस्त नाव दिले आहे. पण त्याची पेटी आणि पेटीतला फटाका यांचे काम बदललेले नाही.

ही माहिती मला आमच्या डोंबिवलीच्या चाळीतल्या आप्पांनी दिली. आप्पा चौतीस वर्षे रेल्वेच्या कंट्रोल कचेरीत होते. चाळीतल्या मुलांना त्यांच्या नोकरीचे मोठे कोडे वाटे. रेल्वेतला माणूस म्हणजे त्याच्याजवळ शिट्टी हवी, टोपी हवी, निदान तिकिटांची चिमटी तरी हवी. आप्पांजवळ जेवणाचा डबा आणि दोन टोके काढलेल्या पेन्सिली याखेरीज काही नसे. "आप्पा, तुम्ही कचेरीत करता तरी काय?" असे मी एकदा विचारले, तेव्हा ते म्हणाले, "कोणी हाक मारली तर ओ देतो आणि माणसे धाडतो."

त्या वयात हे उत्तर मला फार फुसके वाटले. पुढे मास्तरकी करू लागल्यावर आणि डोक्यावरून बरेच पाणी वाहून गेल्यावर त्याचे वजन कळले. संकटात धावून जाणाऱ्यांच्या गोष्टी आपण मुलांना पुष्कळ सांगतो. बंबवाला, डॉक्टर, पोलीस, पोहणारा कोळी, हे सारे आपल्या ओळखीचे असतात. पण त्यांना 'जा, अमुक ठिकाणी जा' असे ज्याने सांगितले, तो मनुष्य गोष्टीत कोठेच नसतो. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या आमच्या मुलखात संकटाची हाक कसकशी पोहोचत आली आणि ती ऐकणारे कोण होते, हे या दिवाळीच्या निमित्ताने सांगावे असे मनात आहे.

दूरची हाक म्हटली की मराठी माणसाच्या कानात पहिल्यांदा विशाळगडाच्या तोफा वाजतात. १६६० सालच्या त्या रात्री महाराज गडावर पोहोचल्याची खूण तोफांनी द्यावयाची होती, आणि ती ऐकू येईपर्यंत बाजीप्रभूंनी खिंड अडवून धरली, असे परंपरा सांगते. या प्रसंगातील शौर्य आपण जाणतोच. थोडा वेळ केवळ निरोपाच्या दृष्टीने त्याकडे पाहा. तोफ एकच गोष्ट सांगू शकते, आणि तीही आधी ठरलेली. 'राजे पोहोचले' हे खिंडीत कळले. पण 'आमच्यातले इतके पडले, अमक्या वाटेने माणसे पाठवा' हे खिंडीतून गडावर कळविण्याची सोय नव्हती. तोफ, नगारा, देवळाची घंटा, गावातली दवंडी या साऱ्यांचे असेच आहे. त्यांनी सावध करता येते, पण 'कोठे, किती, काय हवे' असा उलट प्रश्न त्यांना विचारता येत नाही.

शिवाय हाक ऐकणारा कोणी असावा लागतो. कल्याण हे आनंदीबाई जोशी यांचे जन्मगाव. ३१ मार्च १८६५ रोजी त्या येथे जन्मल्या. नवव्या वर्षी लग्न झाले, चौदाव्या वर्षी मुलगा झाला, आणि योग्य औषधपाणी न मिळाल्यामुळे तो दहा दिवसांतच गेला. त्या घरातल्या माणसांनी हाका मारल्या नसतील असे नाही. ओ देणारा नव्हता. या दुःखातूनच आपण डॉक्टर व्हावे असे त्या मुलीच्या मनाने घेतले, आणि १८८६ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या एम.डी. झाल्या. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८८७ मध्ये, त्या पुण्यास वारल्या. ओ देण्यासाठी शिकून आलेली ही मुलगी स्वतः बावीस वर्षेही जगली नाही.

आमच्या भागात निरोपाला पाय फुटले ते आगगाडीमुळे. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी चौदा डबे आणि सुमारे चारशे पाहुणे घेऊन बोरीबंदराहून पहिली गाडी निघाली आणि चौतीस किलोमीटरांवरच्या ठाण्याला आली, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असते. वर्षभराने, १ मे १८५४ रोजी, खाडी ओलांडून गाडी कल्याणला पोहोचली. डोंबिवलीला स्टेशन मिळावयास मात्र १८८७ साल उजाडावे लागले.

आता आगगाडीचा एक स्वभाव असा की तिला वाट सोडून बाजूला होता येत नाही, आणि मनात आणले तरी चटकन थांबता येत नाही. समोर गाय आली तर बैलगाडीवाला कासरा ओढील. आगगाडीच्या ड्रायव्हरला धोका दिसला, तोवर बहुधा उशीर झालेला असतो. तेव्हा गाडी सुखरूप चालावयाची तर बातमी तिच्या पुढे धावली पाहिजे. प्रथम हे काम तारायंत्राने केले. १८५५ पासून तार सर्वसामान्य लोकांसाठीही खुली झाली, आणि 'तार आली' एवढ्या दोन शब्दांनी घराघरांतून रडे फुटू लागले. ही तार जुलै २०१३ मध्ये सरकारने कायमची बंद केली. रेल्वेने तारेच्या पुढे जाऊन टेलिफोन आणला, आणि त्यातून आप्पांची नोकरी जन्मास आली.

कंट्रोलरची खोली कशी असे, याचे वर्णन आप्पांनी मला इतक्या वेळा केले होते की आजही डोळे मिटले की ती मला दिसते. कंट्रोलरच्या पुढ्यात चोवीस तासांचा एक लांबलचक तक्ता पसरलेला असे. आडव्या रेघांवर स्टेशने, उभ्या रेघांवर तास आणि मिनिटे. कानाला टेलिफोन. त्याच्या हद्दीतली सारी स्टेशने एकाच तारेवर. गाडी सुटली की स्टेशनमास्तर कळवी, आणि आप्पांची पेन्सिल तक्त्यावर तिरकी सरके. मुंबईहून जाणाऱ्या गाड्यांच्या रेघा एका बाजूला कललेल्या, येणाऱ्यांच्या दुसऱ्या बाजूला. या रेघा एकमेकींना कोठे छेदतात, त्यावरून कोणत्या गाडीला बाजूला काढून कोणती पुढे सोडावी हे ठरे. कामाचा ताण एवढा की कंट्रोलरची पाळी सहा तासांचीच असे. आता तक्त्याची जागा संगणकाच्या पडद्याने घेतली आहे, पेन्सिली गेल्या आहेत. पण बसलेल्या माणसाच्या कपाळावरची आठी तीच असावी.

"आणि अपघात झाला म्हणजे?" मी विचारी.

"मग मास्तर, आधी सारे थांबवायचे. मदत त्यानंतर."

मला याचे नवल वाटे. आप्पा समजावून सांगत. जेथे अपघात झाला तेथे दुसरी गाडी जाऊन आदळू नये, म्हणून दोन्ही बाजूंची वाहतूक पहिल्यांदा रोखायची. मग डोक्यावरच्या तारेतला वीजप्रवाह बंद करावयाचा, आणि तो बंद झाल्याची खात्री करून घ्यावयाची. मुंबईकडे रेल्वेला वीज आली ती १९२५ साली. त्या वेळेपासून तारेत पंधराशे व्होल्टचा प्रवाह असे. पुढे टप्प्याटप्प्याने तो बदलून पंचवीस हजार व्होल्टचा केला गेला, आणि २०१६ साली मध्य रेल्वेच्या मुंबईकडील शेवटच्या भागात तो पुरा झाला. तुटलेली तार डब्यावर पडलेली असताना मदतीला माणसे पाठविणे म्हणजे मरणाऱ्यांच्या संख्येत भर घालणे. हे दोन हुकूम गेल्यावर तिसरा हुकूम कल्याणला. कल्याण म्हणजे नुसते जंक्शन नव्हे. अपघाताच्या वेळी धावणारी मदतगाडी तेथे सज्ज असते. भोंगा वाजला की खलाशी, फिटर, डॉक्टर, परिचारिका, जो असेल तसा धावत येतो. वैद्यकीय मदतीची गाडी दिवसा पंधरा-वीस मिनिटांत सुटलीच पाहिजे असा दंडक आहे. ताटावर बसलेला माणूस हात न धुता निघाल्याचे मी स्वतः पाहिले आहे.

"आणि या साऱ्याच्या आधी एक प्रश्न," आप्पा बोट वर करून म्हणत. "कोठे? काय झाले, कसे झाले, कोणाची चूक, हे सारे मागाहून. हाक मारणारा माणूस घाबरलेला असतो. त्याला सगळी हकिकत सांगायची असते. त्याला न दुखवता, न ओरडता, आधी जागा काढून घ्यायची. जागा कळली की निम्मे काम झाले."

आता रेल्वेच्या रुळांवरून थोडे गावांच्या गल्ल्यांत येऊ. रेल्वेची हाक रेल्वेच्याच तारेवरून जाते, आणि ऐकणारा तिच्यासाठीच बसलेला असतो. शहरातल्या साध्या गृहस्थाच्या घराला आग लागली तर त्याने कोणाला हाक मारावी? मुंबईत १८६५ साली, म्हणजे आनंदीबाईंच्या जन्मवर्षीच, पोलिसांच्या हाताखाली घोड्यांनी ओढावयाच्या बंबांचे दल उभे राहिले होते. पण बंब असून भागत नाही, बंबाला बोलावता आले पाहिजे. याचा धडा साऱ्या जगाला मिळाला तो लंडनमध्ये. १० नोव्हेंबर १९३५ रोजी तेथील विंपोल स्ट्रीटवरील एका डॉक्टरच्या घराला आग लागली. शेजाऱ्याने ताबडतोब टेलिफोन उचलला. पण एक्स्चेंजवर गर्दी होती, आणि साध्या कॉलांच्या रांगेत त्याची हाकही ताटकळत राहिली. पाच स्त्रिया त्या आगीत गेल्या. शेजाऱ्याने वर्तमानपत्राला संतापून पत्र लिहिले, सरकारने चौकशी केली, आणि ३० जून १९३७ पासून लंडनमध्ये ९९९ हा क्रमांक सुरू झाला. हा क्रमांक फिरविला की एक्स्चेंजमध्ये लाल दिवा लागे आणि भोंगा वाजे, म्हणजे बाकीच्या रांगा सोडून ही हाक आधी घेतली जाई. आपल्याकडे पोलिसांसाठी १००, अग्निशमनासाठी १०१ आणि रुग्णवाहिकेसाठी १०२ हे क्रमांक रूढ झाले ते याच विचाराने.

हाक ऐकून माणसे धाडणाऱ्याच्या मनावर केवढे ओझे असते, हे मुंबईने १४ एप्रिल १९४४ रोजी पाहिले. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचे जहाज उभे होते. पोटात कापसाच्या गासड्या आणि सुमारे चौदाशे टन दारूगोळा. दुपारी आग दिसली, हाक गेली, बंब आले. नऊशे टनांहून अधिक पाणी जहाजात ओतले गेले, पण आगीचे मूळ सापडेना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेकडो माणसे मेली, सुमारे ऐंशी हजार बेघर झाली. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात कामी आले. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ. ते ६६ जण कोणाच्या तरी हुकमावरून तेथे गेले होते. हुकूम बरोबर होता, ते कर्तव्यच होते. तरीही हुकूम देणाऱ्याला त्या रात्री झोप लागली असेल काय, असे आप्पा नेहमी विचारीत. "आपण माणूस धाडतो, मास्तर. तो परत आल्याची वर्दी येईपर्यंत उठायचे नाही खुर्चीवरून," असे ते म्हणत.

आमची डोंबिवली या काळात भाताच्या खाचरांतून हळूहळू शहर होत होती. १९६४ साली येथे औद्योगिक वसाहत आली. कापडाचे, रंगांचे, रसायनांचे कारखाने उभे राहिले, आणि त्यांच्या कुंपणाला लागून बिऱ्हाडे. टेलिफोन मात्र दुर्मिळ. आमच्या आळीत एक वाण्याकडे आणि एक डॉक्टरांकडे, एवढेच. अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. रात्री-अपरात्री कोणाचे दुखणे वाढले तर आधी वाण्याला उठवावयाचे, त्याने कुरकुरत दार उघडावयाचे, आणि मग हाक जावयाची. पुढे कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाटीचे टेलिफोन बूथ आले, १९९५ नंतर मोबाईल आले, आणि बघता बघता प्रत्येकाच्या खिशात हाक मारण्याचे साधन आले.

साधन आले, पण संकटेही वाढली. २६ मे २०१६ रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत प्रोबेस नावाच्या कारखान्यात स्फोट झाला. बारा माणसे गेली, शंभराहून अधिक जखमी झाली. दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. आठ वर्षांनी, २३ मे २०२४ रोजी, त्याच वसाहतीत अमुदान या कारखान्यात पुन्हा तसाच स्फोट होऊन दहाहून अधिक माणसे दगावली. अशा वेळी एकाच गावचा बंब पुरा पडत नाही. शेजारच्या शहरांचे बंब मागवावे लागतात, आणि ते मागविणाराही खोलीत बसलेला कोणी एकच. रसायनांच्या आगीत त्याला 'कोठे'नंतर दुसरा प्रश्न विचारावा लागतो : 'काय जळते आहे?' लाकडाला पाणी चालते. तेलाच्या आगीवर फेस मारावा लागतो. सोडियमसारखी द्रव्ये तर पाण्यानेच भडकतात. उत्तर चुकले तर मदतीचा बंबच घात करील.

कधी कधी मात्र हाक उलट दिशेने द्यावी लागते. माणसे धोक्याकडे धाडण्याऐवजी धोक्यापासून दूर धाडावी लागतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दहशतवाद्यांनी गोळीबार सुरू केला, तेव्हा उपनगरी फलाटांवरच्या निवेदनकक्षात विष्णू झेंडे हे निवेदक कामावर होते. ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या गाड्या ज्या तोंडून रोज ऐकू येत, त्याच आवाजात ते प्रवाशांना पुनःपुन्हा सांगू लागले की मुख्य दाराकडे येऊ नका, मागच्या बाजूने बाहेर पडा. त्या स्टेशनात पन्नासांहून अधिक माणसे मारली गेली. पण नुकत्याच येऊन थांबणाऱ्या गाड्यांतली असंख्य माणसे या आवाजामुळे वाचली. त्यांच्या कक्षावरही गोळ्या झाडल्या गेल्या. तरी ते ध्वनिक्षेपक सोडून गेले नाहीत. त्या रात्री वाचून डोंबिवलीस घरी आलेल्यांपैकी कितीकांना आपण कोणाच्या आवाजावर चालत आलो हे ठाऊक असेल?

पाण्याच्या बाबतीत आमचा मुलूख फार सोशीक आहे, कारण उल्हास नदीच्या काठी राहावयाचे तर ते भागच आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कल्याण, उल्हासनगर, बदलापूर पाण्याखाली गेले. टेलिफोन मुके झाले, वीज गेली, गाड्या जेथल्या तेथे उभ्या राहिल्या. त्या रात्री हाक मारणारे लाखो होते आणि ऐकण्याची यंत्रे बंद पडली होती. त्याच वर्षाच्या अखेरीस आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला. २००६ साली राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले, आणि त्याची एक तुकडी पुण्याजवळ तळेगावच्या बाजूस आली.

याचा उपयोग २०१९ साली दिसला. २६ जुलैच्याच रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान उल्हासच्या पुरात अडकली. गाडीत सुमारे १,०५० माणसे, त्यांत नऊ गरोदर स्त्रिया. चहूकडे पाणी. आपत्ती दलाच्या होड्या आल्या, नौदलाचे पाणबुडे आले, आकाशात हेलिकॉप्टरे आली, आणि २७ जुलैच्या दुपारपर्यंत सारी माणसे सुखरूप बाहेर निघाली. हे कौतुकास्पद खरेच. त्यात आणखी एक गोष्ट विसरू नये. चामटोली आणि आजूबाजूच्या गावची माणसे या साऱ्याच्या बरोबरीने मदतीला उभी होती. कोणत्या बाजूने उतार आहे, कोठे ओढा आहे, कोठे पाय टेकतील, हे त्यांना पायाखालच्या सवयीने ठाऊक होते.

आणि वांगणीचेच नाव निघाले आहे तर मयूर शेळके यांची आठवण काढलीच पाहिजे. १७ एप्रिल २०२१ रोजी दृष्टिहीन आईबरोबर चाललेले एक लहान मूल वांगणी स्टेशनच्या फलाटावरून रुळांवर पडले. समोरून एक्सप्रेस येत होती. पॉइंट्समन असलेले शेळके निशाण घेऊन कामावर होते. ते रुळांवरून धावत गेले, मुलाला फलाटावर ढकलले, आणि गाडी येण्याच्या क्षणभर आधी स्वतः वर चढले. मिळालेल्या बक्षिसातला अर्धा वाटा त्यांनी त्या मायलेकरांना दिला. त्यांना कोणी धाडले नव्हते. हाक त्यांनी स्वतःच ऐकली.

आजची व्यवस्था पूर्वीपेक्षा फार मोठी आहे, हे मोकळ्या मनाने सांगितले पाहिजे. २००५ च्या स्वातंत्र्यदिनी हैदराबादेस सुरू झालेली १०८ ची रुग्णवाहिका सेवा २६ जानेवारी २०१४ रोजी महाराष्ट्रात आली. आरंभीच ९३७ गाड्या, आणि प्रत्येक गाडीत डॉक्टर असावा अशी योजना. वाण्याचे दार ठोठावण्याचे दिवस ज्यांनी पाहिले त्यांना हे स्वप्नच वाटेल. २०२१ पासून पोलीस, आग आणि आजार या साऱ्यांसाठी ११२ हा एकच क्रमांक महाराष्ट्रात चालू झाला. हाक मारणारा साधारण कोठे उभा आहे, हेही आता यंत्राला कळू शकते.

पण १०८ ची हाक ऐकणारा पुण्यात बसलेला असतो, आणि ११२ ची नवी मुंबईत किंवा नागपुरात. तो शिकलेला असतो, तत्पर असतो. आमच्या आळीतले वडाचे झाड मात्र त्याने पाहिलेले नसते. यंत्र इमारतीपर्यंत आणील, पण तिसऱ्या मजल्यावरचे मागच्या बाजूचे बिऱ्हाड दाखविणार नाही. आप्पा ज्या स्टेशनांना ओ देत, ती त्यांना तोंडपाठ होती. आज ते ज्ञान ऐकणाऱ्याकडून हाक मारणाऱ्याकडे आले आहे, आणि हाक मारणाऱ्याला हे अजून उमगलेले नाही.

हे मी दुसऱ्याला नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. २००३ सालच्या एका रात्री आमच्या शेजारच्या काकांच्या छातीत कळ आली. मी तरणाबांड, नुकताच शाळेत लागलेला. मीच धावत बूथवर गेलो आणि रुग्णवाहिकेसाठी टेलिफोन केला. पलीकडून पत्ता विचारला. मी म्हणालो, "मारुतीच्या देवळाजवळ या, लवकर या." आणि रिसीव्हर ठेवून परत धावलो. डोंबिवलीत मारुतीची देवळे किती आहेत हे तेव्हा माझ्या ध्यानातही आले नाही. गाडी निघाली वेळेवर, पण रेल्वेच्या पलीकडे, पश्चिमेच्या मारुतीला गेली. ती आमच्याकडे पोहोचली तेव्हा पाऊण तास उलटला होता, आणि काकांना तिची गरज उरली नव्हती. लवकर आली असती तर ते वाचले असते असे डॉक्टर काही म्हणाले नाहीत. वाचले नसते असेही म्हणाले नाहीत.

तेराव्यानंतर आप्पांनी मला बोलावले. मला वाटले, आता हे बोलणार. काकांविषयी ते एक अक्षर बोलले नाहीत. पाटी पुढे सरकवून म्हणाले, "मास्तर, चाळीचा पत्ता लिहा. असा लिहा की या गावात कधी न आलेला माणूस रात्री दोन वाजता दारात येईल." मी लिहिला. त्यांनी पुसला. पूर्व की पश्चिम, ते नव्हते. पुन्हा लिहिला. पुन्हा पुसला, मोठ्या रस्त्याचे नाव नव्हते. चौथ्या वेळी त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "आता मोठ्याने वाचा. आणि वाचून झाल्यावर रिसीव्हर ठेवायचा नाही. तो 'ठेवा' म्हणेपर्यंत ठेवायचा नाही. एक माणूस खाली रस्त्यावर उभा करायचा, हातात बत्ती देऊन."

आप्पा आता नाहीत. दरवर्षी दिवाळीची सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी मी पाचवीच्या वर्गात अभ्यास घेत नाही. मुलांना एकेक करून उभे करतो आणि त्यांच्या घराचा पत्ता मोठ्याने सांगावयास लावतो : गाव, पूर्व की पश्चिम, मोठा रस्ता, इमारत, मजला, बिऱ्हाड. मी परक्या गावचा माणूस होऊन उलट प्रश्न विचारतो. पहिल्या खेपेस जवळजवळ सारीच चुकतात. कोणी 'पाण्याच्या टाकीजवळ' म्हणते, कोणी 'आमच्या आत्याच्या समोर' म्हणते, आणि वर्ग हसतो. मीही हसतो, आणि पाटी पुसून पुन्हा लिहावयास लावतो.

वाचकहो, फराळाचे ताट पुढे आहे, मुले जवळ आहेत. हा अंक बाजूला ठेवून एकदा त्यांना विचारून पाहा.